स्वमग्न मूल आणि अस्थिर शाळा

(शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल शाळेत दाखल होणे आणि मुलाला शाळा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली हजेरीपटावर दिसते, दुसरी कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीत या दोहोंतील अंतर फार मोठे आहे. कायद्याने या मुलाला वर्गात बसण्याचा हक्क दिला आणि त्याला शिकविण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकली. मात्र त्या शिक्षकाला वेळ, साहाय्य आणि स्थैर्य देण्याचा प्रश्न आला तेव्हा शासनाने हात आखडता घेतला. परिणामी जो प्रश्न सार्वजनिक खर्चाचा आणि नोकरीच्या अटींचा आहे, तो शिक्षकाच्या दयाबुद्धीचा आणि आईच्या सहनशक्तीचा म्हणून मांडला जात आहे. त्याला त्याच्या मूळ जागी आणून ठेवणे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

नाव आणि त्यामागचे मूल

‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत रूढ झाला आहे आणि दुसरा सोयीचा शब्द नसल्याने तोच वापरावा लागतो. तथापि तो काहीसा फसवा आहे. मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांशी कर्तव्य नाही, असा समज त्यातून होतो. वस्तुतः आवाज, प्रकाश, स्पर्श, बोलणे, माणसांच्या चेहऱ्यावरील भाव हे सारे या मुलाच्या मेंदूपर्यंत निराळ्या रीतीने पोहोचते, आणि त्याचे उत्तरही निराळ्या रीतीने येते. हा आजार नव्हे. ही जन्मापासूनची मेंदूच्या घडणीतील भिन्नता आहे आणि ती आयुष्यभर राहते. तिच्यावर औषध नाही. काही स्वमग्न मुले मुळीच बोलत नाहीत, काही अखंड बोलतात. काहींना बौद्धिक दिव्यांगत्वही असते, तर काही गणितात वर्गाच्या पुढे असतात. एकाला पाहून दुसऱ्याविषयी अनुमान करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे. म्हणजे दोन-अडीचशे पटाच्या शाळेत एक-दोन मुले असावयाची. ‘आमच्या शाळेत असे मूल नाही’ असे जेथे सांगितले जाते, तेथे ते बहुधा ‘हट्टी’, ‘मंद’ किंवा ‘वेडसर’ या नावाने मागच्या बाकावर बसलेले असते, नाही तर शाळेतून केव्हाच गळालेले असते.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथून या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला असे मानतात. कॅनर यांनी नोंदविलेल्या लक्षणांपैकी एक आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भोवतालचे सर्व काही होते तसेच राहावे, क्रम बदलू नये, माणसे व वस्तू आपापल्या जागी असाव्यात, ही या मुलांची तीव्र निकड होती. जग अनाकलनीय वाटत असेल, तर त्यातील जे काही ठरलेले आहे त्याला माणूस घट्ट धरून राहतो. या मुलाच्या दृष्टीने ठरलेपणा हा हट्ट नसून आधार आहे.

पुढील दोन दशकांत या आधाराकडे दुर्लक्ष होऊन दोषाचा शोध सुरू झाला. आईने माया दिली नाही म्हणून मूल असे झाले, हा सिद्धांत विद्वानांत प्रतिष्ठा पावला. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम हे त्याचे प्रसिद्ध पुरस्कर्ते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून त्या सिद्धांताचे खंडन केले. पुढील संशोधनाने तो पूर्णपणे मोडीत काढला. आईवरील आरोप विद्यापीठांतून गेला, घरांतून आणि गावांतून अद्याप गेलेला नाही. शिवाय आता तिच्या जोडीला शिक्षकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. मूल ओरडले, पळाले, परीक्षेत कोरा कागद देऊन आले, की शिक्षकाला सांभाळता आले नाही असा निकाल दिला जातो. व्यवस्था काय करीत होती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला नाही आणि आताही विचारला जात नाही.

वर्गात काय करता येते

शिक्षकाला खरोखर काय करता येते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. अन्यथा मागण्या हवेत राहतात.

पहिली गोष्ट म्हणजे दिवसाचा क्रम मुलाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. परिपाठ, भाषा, गणित, मधली सुटी, खिचडी, खेळ, घर, अशी चित्रे एका पुठ्ठ्यावर ओळीने लावावयाची आणि जे झाले ते काढून ठेवावयाचे. तोंडी सूचना हवेत विरते. चित्र जागेवर राहते. दुसरी गोष्ट बोलण्याची. ‘डोळे फळ्यावर ठेवा’, ‘कान उघडे ठेवा’ ही शिक्षकाची नित्याची भाषा. हे मूल तिचा शब्दशः अर्थ घेण्याचा संभव असतो. म्हणून एका वेळी एकच छोटे, सरळ वाक्य बोलावे आणि मग थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढ्यात तेच वाक्य निराळ्या शब्दांत पुन्हा सांगितले, तर मुलाला सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते. ‘माझ्याकडे बघून बोल’ असा आग्रह धरू नये. पुष्कळ मुलांना डोळ्याला डोळा भिडवला की ऐकणेच अशक्य होते.

तिसरी गोष्ट जागेची. कुरकुरणारा पंखा, दाराजवळची ये-जा, चाळीस मुलांनी एका सुरात म्हटलेले पाढे, पत्र्याच्या छपरावरचा पाऊस हे इतरांना सवयीचे असते. या मुलाला ते असह्य होऊ शकते. भिंतीकडेची ठरलेली जागा आणि फार झाले तर काही वेळ जाऊन बसण्याचा शांत कोपरा, एवढ्याने पुष्कळ प्रसंग टळतात. चौथी गोष्ट, मुलाच्या आवडीचा उपयोग. एखाद्याला रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असते. त्यावरून वजाबाकी शिकविता येते. पाचवी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे वागण्याचा अर्थ लावणे. मूल कानावर हात ठेवून किंचाळू लागले, तर त्याआधीच्या पाच मिनिटांत काय घडले याची नोंद ठेवावी. ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याचे ओरडणे हेच बोलणे असते. जे मूल बोलत नाही, त्याच्या हाती चित्रांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि ‘पाणी’, ‘नको’, ‘थांबा’ एवढे सांगण्याची सोय झाली, तरी त्या ओरडण्यातील बरेचसे नाहीसे होते. आणि वर्गातील इतर मुलांना हे समजावून सांगावे लागते. मुले बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

या साऱ्याचा हिशेब मांडला, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. जुना पुठ्ठा, कात्री, डिंक आणि दिनदर्शिकेतील चित्रे यांवर काम भागते. खर्च आहे तो वेळाचा. क्रम लावण्यास वेळ, थांबून ऐकण्यास वेळ, नोंद ठेवण्यास वेळ, पालकांशी बोलण्यास वेळ. आणि शिक्षकाचा वेळ हीच आपल्या शिक्षणव्यवस्थेतील सर्वांत कंजूषपणे दिली जाणारी वस्तू आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडीवस्तीवरील शाळेत एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता शिकवितो. संचमान्यतेत मुले मोजली जातात, मुलांच्या गरजा मोजल्या जात नाहीत. त्यातच जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही कामे त्याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाच्या माथी ठेवली आहेत. बाई एका सकाळी मतदारयादीच्या कामाला जातात आणि वर्ग शेजारच्या वर्गात बसविला जातो. तीस मुलांना ती गंमत वाटते. एका मुलाचा मात्र संपूर्ण दिवस कोसळतो. त्याने आकांत केला, की त्याची नोंद होते. बाई का नव्हत्या याची होत नाही.

स्थैर्य हे सार्वजनिक काम

असे स्थैर्य सरकारी शाळेत उभे करता येते काय? अर्धशतकापूर्वी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ते उभे राहिले. तेथील विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी शिकागोत शिकत असताना बेटेलहाइम यांची मते जवळून पाहिली होती, आणि ती त्यांनी नाकारली. आई-वडिलांना दोषी न मानता त्यांना कामातील भागीदार करावे आणि मुलाला बदलण्याआधी त्याच्या भोवतालची रचना बदलावी, ही त्यांची भूमिका. चित्रांचा दिनक्रम आणि ठरलेल्या जागा यांना त्यांनी पद्धतीचे रूप दिले. पालकांनी पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हा कार्यक्रम राज्यभर चालविण्याची कायमची तरतूद केली. सार्वजनिक शाळांतील वर्ग आणि शिक्षकांचे प्रशिक्षण त्यात आले. एका प्रयोगाची व्यवस्था झाली, ती अंदाजपत्रकात तिला जागा मिळाली म्हणून.

त्याच देशाचा दुसरा धडाही ध्यानात ठेवावा. १९७५ मध्ये तेथे सर्व दिव्यांग मुलांना सार्वजनिक शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला. त्यासाठी येणाऱ्या जादा खर्चापोटी, प्रत्येक विद्यार्थ्यामागील सरासरी खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत भार केंद्र सरकार उचलील, असे त्यात ठरले होते. तो वाटा आजवर एकदाही पूर्ण दिला गेलेला नाही. धनाढ्य देशातही हक्क कागदावर आणि खर्च स्थानिक शाळेच्या डोक्यावर, असे घडते. हक्काचा खरा मजकूर कलमात नसतो, तो अंदाजपत्रकात असतो.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याचे सूत्र हेच होते. आदिवासी मूल शाळेत येत नाही, म्हणून त्याला नाकर्ते न ठरविता शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. मुलाने शाळेच्या मापाचे व्हावे, की शाळेने मुलाच्या मापाचे व्हावे, या प्रश्नाचे उत्तर या भूमीत तेव्हाच दिले गेले आहे. स्वमग्न मुलासाठी त्याच उत्तराचा पुढचा पाठ लिहावयाचा आहे.

कायदा पुढे, पदे मागे

भारतात कायद्याची वाटचाल संथ पण स्पष्ट आहे. सर्वसाधारण शाळांत दिव्यांग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ ची. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम मान्यता दिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ही मुले त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वांची संख्या एकवीस केली. स्वमग्नता त्यांतील एक होय. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचा प्रश्न हाती घेतला. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने ते अधिसूचितही केले. तरीही राज्ये हलली नाहीत. तेव्हा मार्च २०२५ मध्ये पदे मंजूर करून ती जाहीर करण्याचा आदेश न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हे काम कंत्राटी विशेष शिक्षकांनी केले. एका करारातून दुसऱ्या करारात जाणारी, वेतनश्रेणी नसलेली, आज या गटात तर उद्या त्या गटात फिरणारी ही माणसे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४,८६० विशेष शिक्षकपदे निर्माण करण्याचा आणि कंत्राटी शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय केला. त्या शिक्षकांच्या दीर्घ लढ्याचे हे फळ आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण हिशेब येथे संपत नाही. ही पदे केंद्रामागे एक अशी आहेत. एका केंद्रात बारा शाळा धरल्या, तर आठवड्याचे सहा दिवस रोज एक शाळा करूनही एका शाळेची पाळी पंधरवड्यातून एकदा येते. या शिक्षकाकडे केवळ स्वमग्न मुले नसतात. अंध, कर्णबधिर, मेंदूचा पक्षाघात असलेली अशी सर्वच मुले त्याच्याकडे असतात. ज्या मुलाला माणूस ओळखीचा होण्यासच महिने लागतात, त्याच्याकडे पंधरा दिवसांनी दोन तास येणारा शिक्षक हा पाहुणाच ठरतो. येथे या प्रश्नाचे मर्म आहे. ठरलेपणा ही या मुलाची पहिली गरज, आणि अनिश्चितता हे आपल्या आजच्या नोकरीपद्धतीचे पहिले लक्षण. कंत्राटी पद्धतीचे दुष्परिणाम कामगाराच्या पगारावर होतात हे चळवळीला ठाऊक आहे. ते वर्गातील मुलाच्या मनापर्यंत थेट पोहोचतात, हे येथे उघड दिसते. शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती ही या मुलाच्या शिक्षणाची पूर्वअट आहे.

खर्च कोण उचलतो

शासनाने न केलेला खर्च नाहीसा होत नाही. तो कोणीतरी दुसरे उचलते. शहरांतील काही खासगी शाळा पालकांना सांगतात की मुलासोबत दिवसभर बसणारा मदतनीस तुम्ही नेमा आणि त्याचा पगार तुम्ही द्या. त्याला ‘शॅडो टीचर’ असे भारदस्त नाव आहे. कायद्याने जे साहाय्य संस्थेकडून मिळावयास हवे, ते पालकांनी विकत घ्यावयाचे. ज्यांना परवडते ते घेतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी आई काम सोडते आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून राहते. तिची बुडालेली मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिली जात नाही. शिक्षणखात्याच्या हिशेबात ज्याला काटकसर म्हणतात, ती प्रत्यक्षात या बाईच्या मजुरीतून केलेली वसुली आहे.

निदानाचीही तीच कथा. तपासणी आणि प्रमाणपत्र यांसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते. पैसेवाल्याचे मूल तिसऱ्या वर्षी ओळखले जाते. शेतमजुराचे मूल पहिलीत मार खाऊन मग ओळखले जाते, किंवा जातच नाही. शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, पण ओळखच नसलेल्या मुलाला त्या बंदीचा आधार कितीसा मिळणार?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. एका मुलासाठी इतरांचे नुकसान का करावे, असे पालक विचारतात. साहाय्यकाविना, साठ मुलांच्या वर्गात, अप्रशिक्षित शिक्षकाच्या हाती असे मूल सोपविले, तर त्याचे आणि इतरांचेही नुकसान होते, हे खरे आहे. काही मुलांना दीर्घकाळ विशेष शाळेची किंवा एकास एक अशा साहाय्याची गरज असते, हेही खरे आहे. त्यांना केवळ घोषणेखातर वर्गात कोंबणे हा समावेश नव्हे. पण जेथे साहाय्य मिळते तेथील अनुभव निराळा असतो. स्पष्ट सूचना, डोळ्यांना दिसणारा क्रम, शांत वर्ग, न रागावता थांबणारा शिक्षक, यांचा लाभ घरात प्रथमच पाटी हाती घेणाऱ्या मुलाला होतो. घरी भिल्ली किंवा कोरकू बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी ऐकणाऱ्या मुलालाही होतो. सर्वांत अडलेल्या मुलासाठी केलेली वाट इतरांनाही चालायला सोपी जाते.

कार्यकर्त्यांपुढील काम

यातून काही कामे निघतात आणि ती सभेच्या ठरावावर संपणारी नाहीत. प्रत्येक अनुदानित व सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीनचतुर्थांश पालक असावेत असा कायदा आहे. या समितीत दिव्यांग मुलांचे पालक आहेत काय, आणि विशेष शिक्षक शाळेत किती दिवस येतो, हे कार्यकर्त्यांनी विचारावे. तालुक्यात विशेष शिक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, याची यादी मागवून ती जाहीर फलकावर लावावी. पदे केंद्रामागे नव्हे, तर न्यायालयाने मान्य केलेल्या प्रमाणात मुलांमागे मोजली जावीत, अशी मागणी करावी. अध्यापक विद्यालयांत या विषयाचा एक पाठ वाचून भागणार नाही. अशा मुलांसोबत प्रत्यक्ष काम करण्याचा काळ प्रशिक्षणात असला पाहिजे. स्वमग्न मूल असलेल्या वर्गाचा शिक्षक वर्षाच्या मध्यात बदलीवर किंवा अशैक्षणिक कामावर काढू नये. निदानाची सोय तालुक्याच्या ठिकाणी, ठरलेल्या वारी व्हावी.

शिक्षक संघटनांचेही येथे कर्तव्य आहे. ‘आम्हाला हे जमणार नाही’ असे म्हणून मुलाला दाराबाहेर ठेवणे हा मार्ग नव्हे; ‘हे करण्यासाठी आम्हाला काय लागेल’ याची यादी घेऊन शासनाच्या दारात उभे राहणे हा मार्ग आहे. पालक आणि शिक्षक एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात, तोवर तिजोरीला कोणी प्रश्न विचारीत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विरोधकांनी अनेक कारणे पुढे केली. त्यांत खर्चाचे कारण होतेच, आणि पुढील वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. सक्तीचे शिक्षण देशाला न परवडणारे आहे, असे आज उघडपणे कोणी म्हणत नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र ते कारण अद्याप पुढे केले जाते. फरक इतकाच, की आता ते शब्दांत सांगितले जात नाही, रिक्त पदांतून सांगितले जाते. ती पदे भरली जातील, आणि आज वर्गात आलेली व्यक्ती उद्याही तेथेच असेल याची खात्री त्या मुलाला मिळेल, तेव्हाच हजेरीपटावरील त्याच्या नावाला अर्थ येईल.